तारा परतली, गोदावरीचे काय?

मुंबईहून निघालेली गाडी डहाणू रोड सोडते आणि घोलवडला थांबते. गुजरातच्या सीमेलगतचे हे स्टेशन. पुढे उंबरगाव गुजरातेत. एकीकडे चिकूच्या वाड्या आणि बोर्डीचा किनारा, दुसरीकडे कोसबाडची टेकडी आणि तिच्यापलीकडे तलासरीचे वारली पाडे. १९४५ साली एवढ्याशा या टापूत दोन मराठी बायकांनी दोन निराळी कामे उभी केली. एक ताराबाई मोडक, दुसऱ्या गोदावरी परुळेकर.

परदेशातल्या मराठी घरात बारशाची यादी निघाली की यांतले एक नाव आज हमखास पुढे येते. दुसरे कुणी सुचवत नाही, आणि सुचवलेच तर घरातले एकमेकांकडे बघतात. हे का घडले, याचा विचार पाळणा सजवण्याआधी व्हायला हवा.

तारा म्हणजे आकाशातली चांदणी, हा अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे. पण ‘तॄ’ म्हणजे तरून जाणे या धातूकडेही या नावाचे नाते जोडले जाते: तारून नेते ती तारा. महायान बौद्धांची देवी तारा याच अर्थाची, आणि वेरूळच्या लेण्यांत तिची शिल्पे आहेत. वालीची पत्नी तारा पंचकन्यांत मोजली जाते. मराठी मुलखात तर या नावाला धारच आहे. सरसेनापती हंबीरराव मोहित्यांची लेक महाराणी ताराबाई. १७०० साली राजाराम महाराज गेल्यावर औरंगजेबाच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे सात वर्षे, तिने स्वराज्य लढते ठेवले. बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून पुरुषी न्यायाचे वाभाडे काढले. २०२५ साली दिल्लीला झालेल्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षाही तारा भवाळकर होत्या.

आणि १८९२ साली जन्मलेल्या ताराबाई मोडक. गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला बालशिक्षणाचे काम केल्यावर १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा मुलांच्या अंगणात न्यावी, गुरे राखणाऱ्यांसाठी ती कुरणातच भरवावी, हे त्यांनी आणि अनुताई वाघांनी करून दाखवले. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. पुढे १९७५ पासून सरकारी योजनेतून देशभर पोचलेल्या ‘अंगणवाडी’ या शब्दामागे हीच अंगणे आहेत.

एवढी पुण्याई असूनही मधल्या काळात हे नाव आजीच्या पिढीत अडकून पडले होते. ते परतले, पण यांतल्या कुणाही ताराबाईंमुळे परतले असे म्हणता येत नाही. ते परदेशात चालते म्हणून परतले. आयर्लंडमध्ये जुन्या राजांची टेकडी तारा. ‘गॉन विथ द विंड’मधल्या मळ्याचे नाव तारा. सर्बिया आणि क्रोएशियात मुलींची नावे तारा. दोनच अक्षरे, कुठल्याही फॉर्मवर बसणारी.

गोदावरीला ही सोय नाही. त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर उगम पावून १४६५ किलोमीटर वाहणारी ही नदी, मराठी माणसाची दक्षिणगंगा. गंगा, यमुना, नर्मदा, कृष्णा, सिंधू अशी नद्यांची नावे लेकींना ठेवायची आपली जुनी रीत, त्यात गोदावरी अगदी घरातली. महर्षी कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई १८९३ च्या पुनर्विवाहापूर्वी गोदूबाईच होत्या.

गोदावरी परुळेकर माहेरच्या गोखले, पुण्यात १९०७ साली जन्मलेल्या, कायद्याच्या पदवीधर. २३ मे १९४५ ला तलासरीजवळच्या झरी गावात हजारो आदिवासी जमले आणि वेठ करणार नाही असे त्यांनी ठरवले. गोदावरी आणि त्यांचे पती शामराव परुळेकर यांनी किसान सभेच्या झेंड्याखाली उभारलेला हा लढा. त्याची हकीकत सांगणाऱ्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकाला १९७२ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. वारल्यांनी त्यांना गोदाराणी म्हटले. सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगार बायकांची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, तिलाही गोदूताई परुळेकरांचेच नाव आहे. वसाहतीला चालणारे नाव लेकीला का चालू नये?

लांब आहे, हा पहिला आक्षेप. गो-दा-व-री, चार अक्षरे. एलिझाबेथ, इझाबेला, ऑलिव्हिया ही नावेही इंग्रजीत चार तुकड्यांतच उच्चारली जातात, आणि त्यांना कुणी लांब म्हणत नाही. उच्चार बिघडतो, हा दुसरा. पण तो ताराचाही बिघडतो; अमेरिकेत तिची ‘टेरा’ होते आणि आईबापांना शाळेत जाऊन सांगावेच लागते. सांगायचेच आहे तर गोदावरीही सांगता येईल. गोदावरीत ळ नाही, ण नाही, घ-झ-भ नाही. एक द सोडला तर इंग्रजी जिभेला अवघड असे अक्षर नाही. स्पेलिंगमधली पहिली तीन अक्षरे पाहून कुणी ‘गॉड’ म्हणेल, त्याला दोनदा दुरुस्त करावे, तिसऱ्यांदा तो नीट म्हणेल. जुने वाटते, हा तिसरा आक्षेप. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी ताराही जुनेच वाटत होते.

खरी अडचण चाळणीची आहे. परक्या जिभेला जे सोपे तेवढेच ठेवायचे, असे एकदा ठरले की मीरा, माया, तारा, रिया एवढीच नावे वर उरतात आणि आजीपणजीची निम्मी वंशावळ खाली गळून पडते. सोय पाहणे गैर नाही; पण फक्त सोयच पाहिली तर मुलीला नावाबरोबर सांगण्यासारखी गोष्ट मिळत नाही.

म्हणून येत्या बारशाच्या यादीत तारा जरूर असू द्या, आणि तिच्याखाली गोदावरी लिहा. घरी हाक मारायला गोदा आहे, गोदू आहे. आणि पुढच्या सुट्टीत मुलीला घोलवडला घेऊन जा. बोर्डी, कोसबाड आणि झरी तिथून लांब नाहीत.