पडदा काळाच राहिला

दिवाळीच्या सुटीत मी आणि माझा वर्गमित्र, आम्ही दोघांनी मिळून घरी संगणक जोडला. जोडला म्हणजे सुटे भाग आणून पेटीत स्क्रूने बसविले. बटण दाबले. पंखे भिरभिरू लागले, दिवा लागला, पडदा मात्र काळाच. ‘नो सिग्नल’ एवढी पाटी दाखवून मॉनिटर झोपी गेला. त्या वेळी आमच्या वडगावच्या घरी निम्मी गल्ली जमली होती, हे सांगायला नकोच.

पैसे वडिलांनी यंत्रमागाच्या कमाईतून दिलेले. मी त्यांना ‘टॅली शिकायला पाहिजे’ असे सांगितले होते. ते खोटे नव्हते. पण खेळासाठी निराळे ग्राफिक्स कार्ड घेतले, हे मात्र सांगितले नव्हते.

दुसऱ्या दिवशी शहरातल्या एका दुकानदाराने पेटी न उघडताच निकाल दिला, “मदरबोर्ड गेला. साडेसहा हजार.”

त्या दुकानदारावर माझा राग नाही. आपण सगळेच असे करतो. बिघाड दिसला की सर्वांत महाग वस्तूकडे बोट दाखवितो. वास्तविक पंखे फिरतात, यावरून वीज कोठपर्यंत तरी पोचते एवढेच कळते. ती प्रोसेसरला मिळते की नाही हेही त्यावरून ठरत नाही, कारण त्याची वायर निराळी असते. संगणक सुरू होताना आधी स्वतःचीच तपासणी करतो : प्रोसेसर, मेमरी, मग चित्र काढणारे कार्ड. या रांगेत कोठेही अडले तरी बाहेरून दिसणार तोच काळा पडदा.

आता आमचा मूर्खपणा सांगतो. मॉनिटरची केबल आम्ही मदरबोर्डाच्या भोकात खोचली होती. आमचा प्रोसेसर ‘एफ’ अक्षराचा. तो थोडा स्वस्त मिळतो, कारण त्यात चित्र काढण्याची सोयच नसते. तेव्हा केबल कार्डालाच लावायला हवी. मित्राला हे आठवले. त्याने केबल कार्डाला लावली. तरी पडदा काळाच! “म्हणजे केबलचा दोष नाही,” असे म्हणून आम्ही ती पुन्हा बोर्डाला लावली. मग मेमरीची पट्टी दाबून बसविली. तरी काळाच. “म्हणजे मेमरीचाही दोष नाही.”

खरे तर दोष दोन्हींचा होता. पट्टी एका बाजूने टक् करून बसली होती, दुसरी बाजू केसभर वर राहिली होती. केबल नीट लावली तेव्हा मेमरी सैल होती, आणि मेमरी नीट बसली तेव्हा केबल चुकीच्या जागी होती. खतावणीत दोन चुका एकमेकींना झाकतात आणि तेरीज जुळते, हे आपण वर्गात शिकतो. येथे दोन चुकांनी एकमेकींना निर्दोष ठरविले, आणि साडेसहा हजारांचा आळ बिचाऱ्या बोर्डावर आला.

तिसऱ्या दिवशी मित्राने वही काढली. सगळे भाग पेटीतून बाहेर काढून बोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवला. प्रोसेसर व त्याचा पंखा, मेमरीची एकच पट्टी, कार्ड आणि दोन्ही वायरी, बाकी काही नाही. प्रत्येक वेळी काय कोठे जोडले आहे ते आधी लिहायचे, मगच बटण. निकालाच्या रकान्यात तो कन्नडमध्ये ‘इल्ला’ लिहीत होता. केबल कार्डालाच ठेवून पट्टी काढून पुन्हा बसविली, तेव्हा मॉनिटरवर अक्षरे उमटली, आणि पठ्ठ्याने आधी ‘आयतु’ लिहिले, मग ओरडला.

म्हणून माझे म्हणणे असे की, एखाद्या भागाला निर्दोष ठरविताना त्या वेळी बाकीचे भाग कोणत्या स्थितीत होते, ते लिहिलेले असलेच पाहिजे. हे आपल्याला डोक्यात ठेवता येत नाही. मला तर नाहीच. मात्र हे पुस्तकात वाचून येत नाही, हात लावावा लागतो. आपल्या लॅबच्या मागच्या खोलीत जुने संगणक धूळ खात पडले आहेत. त्यांतले दोन विद्यार्थ्यांना उघडू द्यावेत, अशी प्राध्यापकांना विनंती आहे. “कॉमर्सच्या मुलांना हे कशाला?” असे कोणी विचारील. उद्या ज्याला दुसऱ्याची वही तपासायची आहे, त्याला नाही तर कोणाला? फक्त वीजपुरवठ्याचा डबा कोणी उघडू नये. प्लग काढल्यावरही त्यात वीज साठून राहते.

आमची वही माझ्याकडे आहे. डावीकडे मराठी, उजवीकडे कन्नड. हवी त्याने न्यावी, परत मात्र आणून द्यावी.