देणगीची पाटी आणि कापसाचा हिशेब

१/ दोंडाईचाहून पूर्वेकडे निघालेली गाडी शिंदखेडा, नरडाणा मागे टाकून अमळनेरला पोहोचते. १९०० च्या सुमारास सुरू झालेल्या या तापी खोरे रेल्वेने खानदेशचा कापूस एकीकडे सुरतेशी आणि दुसरीकडे जळगावशी जोडला. याच मार्गावर, अमळनेरात, विसाव्या शतकाच्या आरंभी मोतीलाल माणेकचंद ऊर्फ प्रतापशेठ यांची कापडगिरणी उभी राहिली. पुढे १९१६ साली त्यांच्याच आश्रयाने तेथे तत्त्वज्ञान मंदिर स्थापन झाले. गिरणीच्या संपत्तीतून ज्ञानसंस्था काढण्याची ही रीत पारखायची असेल, तर एका अमेरिकी गिरणीदार घराण्याशी तिची तुलना उद्बोधक ठरते. त्या घराण्याच्या एका वारसाचा अंत मुंबईत झाला.

२/ घराण्याचा कर्ता पुरुष फ्रान्सिस कॅबट लॉवेल हा बोस्टनचा व्यापारी. इंग्लंडमधील यंत्रमाग त्याने बारकाईने पाहिले. यंत्रे वा त्यांचे आराखडे देशाबाहेर नेण्यास तेथे बंदी होती. त्याने रचना स्मरणात साठवली आणि मायदेशी परतल्यावर पॉल मूडी या कारागिराच्या साहाय्याने माग तयार करवून घेतला. वॉल्थम येथील त्याच्या गिरणीत कताईपासून विणकामापर्यंतची सारी कामे एकाच छपराखाली होऊ लागली.

३/ यंत्राइतकाच त्याला कायद्याचाही आधार मिळाला. १८१६ च्या अमेरिकी जकात कायद्यामागे लॉवेलचे प्रयत्न होते. आयात होणारे सुती कापड कितीही स्वस्त असो, त्याची किंमत वाराला किमान २५ सेंट धरूनच जकात आकारावी, असे त्यात ठरले. याचा सर्वाधिक फटका भारतातून जाणाऱ्या स्वस्त, जाड्याभरड्या कापडाला बसला.

४/ त्याचा मुलगा जॉन लॉवेल धाकटा, जन्म १७९९. पत्नी आणि दोन्ही मुली अल्पावधीत दगावल्या आणि हा धनाढ्य तरुण प्रवासाला निघाला. इजिप्तमध्ये लक्सॉरच्या अवशेषांत मुक्कामी असताना, १८३५ साली, त्याने आपल्या मृत्युपत्रातील दानाची व्यवस्था सविस्तर लिहून काढली. तेथून तो तांबड्या समुद्रामार्गे मुंबईस आला आणि ४ मार्च १८३६ रोजी, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, येथेच मरण पावला. ज्या देशाचे कापड बापाने अडवले, त्याच देशाच्या किनाऱ्यावर मुलाची यात्रा संपली.

५/ त्याने ठेवलेली रक्कम सुमारे अडीच लाख डॉलर. तिच्यातून बोस्टनमध्ये सर्वांसाठी व्याख्याने व्हावीत, स्त्रियांनाही प्रवेश असावा आणि हा पैसा इमारतींवर खर्च होऊ नये, अशी त्याची इच्छा होती. १८३९-४० च्या हिवाळ्यात लॉवेल इन्स्टिट्यूटची व्याख्याने सुरू झाली. पहिला विषय होता भूगर्भशास्त्र.

६/ या कथेला दुसरी बाजूही आहे. १८३६ मध्येच, फ्रान्सिसच्या नावाने वसलेल्या लॉवेल या गिरणीगावात तरुण कामकरी मुलींनी वसतिगृहाच्या वाढीव दराविरुद्ध संप केला. आणि त्या गिरण्यांत येणारा कापूस दक्षिणेतील गुलामांच्या श्रमाचा होता. विनाशुल्क व्याख्यानाचा खर्च कोणीतरी आधीच सोसलेला होता.

७/ पुढे त्याच कापसाने खानदेशलाही आपल्या फेऱ्यात ओढले. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकी यादवी युद्धात इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि येथल्या काळ्या जमिनीतील पिकाचे भाव कडाडले. युद्ध संपताच ते कोसळले. भाव दूरदेशी ठरतो आणि झळ शेतकऱ्याला बसते, हा धडा या भागाला तेव्हाच मिळाला.

८/ आता पुन्हा अमळनेर. तत्त्वज्ञान मंदिरात मलकानी, टी. आर. व्ही. मूर्ती, रासविहारी दास यांच्यासारखे अभ्यासक काम करीत. ‘अज्ञान’ हा या तिघांचा ग्रंथ १९३३ साली निघाला. साने गुरुजी १९२३ मध्ये येथे अभ्यासाला आले, पुढे गावातच शिक्षक झाले आणि कामगारांच्या बाजूनेही उभे राहिले. त्याच गावात १९४६ साली गिरणी कामगारांवर गोळीबार झाला आणि त्यात कामगार मृत्युमुखी पडले.

९/ कोणी म्हणेल, असंख्य धनिकांनी काहीच दिले नाही. ज्यांनी दिले त्यांचीच झडती का? आक्षेप रास्त आहे. प्रतापशेठ किंवा धाकटा लॉवेल यांचे दान खरे होते आणि त्याची फळे आजही दिसतात. मात्र दान खरे असल्याने मजुरीचा प्रश्न मिटत नाही, आणि मजुरीचा प्रश्न बिकट असल्याने दान खोटे ठरत नाही. दोन्ही नोंदी एकाच वहीत हव्यात.

१०/ देणगीदाराचे नाव संस्थेच्या दारावर राहते. कापूस वेचणारी, सरकी काढणारा, गाठी वाहणारा आणि पाळीवर उभा राहणारा यांची नावे कागदोपत्री विरळाच आढळतात. दोंडाईचासारख्या बाजारगावांचा इतिहास म्हणूनच उपेक्षित राहतो. हा इतिहास लिहायचा तर जुन्या जिनांच्या हजेरीवह्या, बाजाराच्या भावनोंदी आणि वृद्धांच्या आठवणी आताच गोळा कराव्या लागतील. हे काम खानदेशातील तरुण अभ्यासकांनीच हाती घ्यावे.