प्रवासी व्हावें, कीं पाहुणा?

सहलीहून विद्यार्थी घरीं परतला म्हणजे आईबाप पहिला प्रश्न करितात, "काय काय पाहिलेंस?" आणि तोही भराभर नांवें सांगूं लागतो. "तेथें राहणारीं माणसें कोण? त्यांच्यावर कोणते प्रसंग गुदरले?" असें मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं. हा दुसरा प्रश्न पहिल्याहून अधिक महत्त्वाचा आहे, असें माझें मत आहे. आणि तें स्पष्ट करण्यासाठीं मी स्पेन देशांतील एका प्रसिद्ध समुद्रकांठच्या नगराचें उदाहरण घेतों.

स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावर, फ्रान्सच्या सरहद्दीजवळ, सान सेबास्तियान नांवाचें शहर आहे. तेथील बास्क लोक आपल्या भाषेंत त्यास दोनोस्तिया म्हणतात. शहरासमोर अर्धचंद्राकृति उपसागर पसरलेला आहे. त्याच्या आकारावरून त्यास ला कोंचा, म्हणजे शिंपला, असें नांव पडलें. एका बाजूस उर्गुलची टेकडी, दुसऱ्या बाजूस इगेल्दोचा डोंगर आणि मधोमध सांता क्लाराचें चिमुकलें बेट, असा हा देखावा आहे. १८४५ सालीं राणी इसाबेल दुसरी ही वैद्यांच्या सल्ल्यावरून, त्वचेच्या विकारावर उपाय म्हणून, येथें समुद्रस्नानास आली. राणीमागें दरबार आला, दरबारामागें धनिक आले. १८६३ सालीं जुनी तटबंदी पाडण्यास आरंभ होऊन शहर मोकळें पसरलें. १८८७ सालीं भव्य कॅसिनो उघडलें. पुढें राज्यकारभार पाहणारी विधवा राणी मारिया क्रिस्तिना हिच्यासाठीं उपसागरावर मिरामारचा वाडा उभा राहिला. तो १८९३ सालीं पुरा झाला. १९२४ सालीं जुगारास बंदी झाली. आज त्याच कॅसिनोच्या इमारतींत नगरपालिकेचा कारभार चालतो.

एवढें पाहून परतणारा प्रवासी सहजच म्हणेल, "केवढें हें भाग्यवान शहर! याला दुःख कसलें तें ठाऊकच नसावें." परंतु जुन्या वस्तींतून फिरतांना त्यास एका रस्त्याच्या नांवाची पाटी दिसेल: 'एकतीस ऑगस्ट'. ही तारीख कशाची, असें त्यानें थांबून विचारलें, तर मात्र त्याच्या डोळ्यांपुढें दुसरेंच शहर उभें राहील.

१८०८ पासून नेपोलियनच्या फौजेनें हें शहर बळकावलें होतें. १८१३ च्या उन्हाळ्यांत इंग्रज व पोर्तुगीज सैन्यानें त्यास वेढा घातला. हें सैन्य शत्रूचें नव्हे. स्पेनचा मित्र म्हणून, नागरिकांस सोडविण्यासाठीं आलेलें. ३१ ऑगस्ट रोजीं तटास पडलेल्या खिंडारांतून तें आंत शिरलें, आणि ज्यांस सोडवावयाचें त्यांनाच त्यानें लुटलें, मारिलें, स्त्रियांची विटंबना केली. आग लागली ती कित्येक दिवस धुमसत राहिली. सेनाधिकाऱ्यांनीं तिचा दोष आपल्या माथीं घेतला नाहीं. गांवकऱ्यांच्या जबान्या मात्र निराळेंच सांगतात. सुमारें ६०० घरांपैकीं मोजकींच उरलीं. त्यांतलीं बरींचशीं ज्या रस्त्यावर होतीं, त्यासच आज त्या दिवसाचें नांव आहे. ८ सप्टेंबर रोजीं टेकडीवरील किल्ल्यांतील फ्रेंचांनीं शरणागति पत्करली. आणि त्याच दिवशीं जवळच्या सुबिएता येथें जमलेल्या नागरिकांनीं ठरविलें, कीं आपलें शहर आपण पुन्हां बांधावयाचें. घरांची राख झालेली, आणि तरीही हा निश्चय!

कोणी म्हणेल, "थकलेला मनुष्य चार दिवस समुद्राची हवा खाण्यास जातो, त्याच्या डोक्यावर हें इतिहासाचें ओझें कशाला?" आक्षेप अगदींच खोटा नाहीं. विसांवा पापरूप नव्हे. त्या नगरांतले लोकही रडत बसले नाहींत. दरवर्षीं २० जानेवारीस संत सेबास्तियानच्या उत्सवांत ते मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंत ढोल वाजवितात. कोणी स्वयंपाक्याचा वेष घेतो, कोणी त्या जुन्या सैनिकांचा, आणि मुलांचीही स्वतंत्र मिरवणूक निघते. ज्या सैनिकांच्या नगाऱ्यांनीं एके काळीं आजे-पणजे थरकांपले असतील, त्यांचें नातवंडांनीं खेळणें केलें. पण तेच लोक ३१ ऑगस्टच्या सायंकाळीं त्या रस्त्यावर मेणबत्त्याही लावितात. आनंद करावा, पण विसरूं नये, हें त्यांस साधलें आहे. मग पाहुण्यानेंच तेवढें विसरावें काय?

आणि हा केवळ भूतकाळाचा प्रश्न नाहीं. आज त्या शहरावर वेढा आहे तो प्रवाशांच्या गर्दीचा. राहत्या घरांच्या जागीं उतारूंसाठीं खोल्या झाल्या, भाडीं वाढलीं, अशी नागरिकांची तक्रार आहे. २५ हून अधिक माणसांचे तांडे वाटाड्यांनीं जुन्या वस्तींतून फिरवूं नयेत, कर्णे लावून बोलूं नये, असे नियम नगरपालिकेस करावे लागले. नियमांनीं आवाज कमी होईल. आदर मात्र ज्याचा त्यानेंच घेऊन जावा लागतो. प्रवासी पैसे मोजतो आणि आपल्या पैशाचा मोबदला मागतो. पाहुणा उंबऱ्याशीं थांबतो, घरच्या माणसांची विचारपूस करितो, आणि मगच बैठकींत बसतो. हाच काय तो दोहोंतील भेद.

बालमित्रहो, तुमच्यापैकीं किती जण स्पेनला जातील हें सांगतां येत नाहीं. पण अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, पुष्कळ जण जातील. तेथील भुईकोट किल्ला १८०३ च्या ऑगस्टांत इंग्रजांनीं घेतला. त्या फौजेचा सेनापति आर्थर वेलस्ली. हाच पुढें वेलिंग्टन या नांवानें प्रसिद्ध झाला, आणि ठीक दहा वर्षांनीं सान सेबास्तियानवर चालून गेलेल्या सैन्याचा सरसेनापतिही तोच होता. इतक्या दूरच्या दोन गांवांच्या कथा अशा एका माणसापाशीं येऊन मिळतात! तेव्हां पुढच्या सहलीहून परत आल्यावर आईबापांस केवळ स्थळांची यादी सांगूं नका. तेथें कोणतें दुःख झालें आणि लोक त्यांतून कसे उठले, हेंही सांगा. आणि आईबापांनीं तें न कंटाळतां ऐकावें, एवढीच त्यांस माझी विनंति आहे.