मुस्लिम स्त्रीच्या वतीने बोलण्याआधी तिचे ऐकू या

घटस्फोटित मुस्लिम स्त्रीलाही फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली पोटगी मागता येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १० जुलै २०२४ रोजी दिला. अशी बातमी आली की आपल्या व्हॉट्सॲप गटांत दोन प्रकारचे मेसेज फिरू लागतात. पहिला, "बघा, यांच्या बायका किती दबलेल्या आहेत." दुसरा, "हा मुस्लिमांवरचा हल्ला आहे, आपण काही बोलू नये." दोन्ही मेसेजमध्ये मुस्लिम स्त्री स्वतः काय म्हणते, हा प्रश्नच नसतो. आम्हाला आज त्याबद्दल लिहायचे आहे.

हा प्रश्न नवा नाही. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई यांच्या पुढाकाराने सात मुस्लिम स्त्रियांनी मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करा, ही त्यांची मागणी होती. त्या फक्त सात होत्या, पण आपल्याच राज्यातल्या होत्या. पुढे १९८५ मध्ये इंदूरच्या शाहबानो पोटगीचा खटला सर्वोच्च न्यायालयात जिंकल्या. मग धर्माचे पुढारी आणि सरकार यांच्या राजकारणात त्यांचा हक्क हरवला आणि १९८६ चा कायदा आला. दबाव इतका होता की त्यांनी स्वतःच तो निकाल जाहीरपणे नाकारला. एका वृद्ध स्त्रीच्या पोटगीवर सगळे बोलले, तिला मात्र बोलू दिले नाही.

आता त्या स्वतः बोलत आहेत आणि एका सुरात बोलत नाहीत, हे समजून घ्यायला हवे. भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाने हाजी अली दर्ग्यात मजारीपर्यंत जाण्याचा हक्क मागितला. मुंबई उच्च न्यायालयाने २६ ऑगस्ट २०१६ रोजी तो मान्य केला. या स्त्रिया धर्म सोडून आल्या नव्हत्या. श्रद्धा आमचीही आहे आणि संविधानही आमचे आहे, अशी त्यांची भूमिका होती. काळाराम मंदिराचा सत्याग्रह ज्यांच्या आठवणीत आहे, त्यांना ही भूमिका समजायला अवघड जाऊ नये.

तिहेरी तलाकचेही तसेच. २२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो ३ विरुद्ध २ मतांनी रद्द ठरवला. २०१९ च्या कायद्याने तलाक देणाऱ्या नवऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद ठेवली. इथे स्त्री संघटनांतच मतभेद झाले. महिला आंदोलनाने कायद्याला पाठिंबा दिला. तलाकविरोधी लढ्यातच असलेल्या बेबाक कलेक्टिव्हने मात्र तुरुंगाच्या तरतुदीला विरोध केला. नवरा आत गेल्यावर घर कोण चालवणार, हा साधा सवाल होता. वस्तीत काम करणाऱ्या कुणालाही हा सवाल ओळखीचा वाटेल.

हिजाबचा वाद तर आपल्या दारात आला. कर्नाटक उच्च न्यायालयाने मार्च २०२२ मध्ये वर्गातली हिजाबबंदी कायम ठेवली. ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचे मत दोन बाजूंना गेले. ऑगस्ट २०२४ मध्ये चेंबूरच्या एका महाविद्यालयाच्या हिजाबबंदीला सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. काही मुली हिजाब स्वखुशीने घालतात, काहींवर घरातून सक्ती असते, काहींना तो घातला तरच कॉलेजला जाता येते. बंदीने सक्ती संपत नाही, मुलीचे शिक्षण मात्र संपू शकते.

महाडला डिसेंबर १९२७ च्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या स्त्रियांना अस्पृश्यतेची खूण सांगणारी नेसण्याची पद्धत आणि दागिने सोडायला सांगितले. त्यांनी लगेच लुगडी घोळदार नेसायला सुरुवात केली. हिजाब आणि ही घटना सारखी नाही. पण स्त्रीच्या अंगावरच्या कपड्यातून समाज तिला कुठे ठेवतो, हे आपल्या आज्यांनी अनुभवले आहे. तिच्या कपड्याचा निर्णय वर्गाच्या दारात उभा असलेला शिपाई घेऊ शकत नाही, आणि घरातला पुरुषही नाही.

काही मंडळी बाबासाहेबांच्या फाळणीवरच्या ग्रंथातली परद्यावरची टीका तोडून फिरवतात. ती टीका कठोरच आहे. पण ज्यांनी मनुस्मृती जाळली आणि हिंदू कोड बिल रखडल्यावर १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले, त्यांचा निकष एकच होता, स्त्रीचे स्वातंत्र्य. तो निकष फक्त शेजाऱ्याच्या घराला लावायचा आणि आपल्या घरातला हुंडा, आपल्या संघटनांतली पुरुषांची गर्दी झाकायची, हे आंबेडकरवादात बसत नाही.

शिवाय आपले प्रश्नही जोडलेले आहेत. बौद्ध आणि मुस्लिम दोघेही अधिसूचित अल्पसंख्याक आहेत. २०२२ मध्ये केंद्राने अल्पसंख्याकांची पहिली ते आठवीची शिष्यवृत्ती थांबवली, मौलाना आझाद फेलोशिपही बंद केली. त्याचा फटका आपल्या मुलींना बसला तसा त्यांच्याही मुलींना बसला. त्यावर एकत्र निवेदन द्यायला कुणाच्या परवानगीची गरज नाही.

म्हणून तरुण कार्यकर्त्यांना आमची विनंती आहे. पुढच्या १४ एप्रिलच्या व्याख्यानमालेत 'मुस्लिम स्त्रियांचे प्रश्न' हा विषय ठेवाल, तेव्हा वक्ता म्हणून मुस्लिम स्त्रीलाच बोलवा. तिचे सगळेच आपल्याला पटेल असे नाही. पण आधी ऐकू, मग मत बनवू.

जय भीम!