शाखा भरली, प्रयोगशाळा ओस

नारायण पेठेतील केसरीवाड्याचे नाव ज्यांच्याशी जोडलेले आहे, त्या लोकमान्य टिळकांनी आयुष्याचा आरंभ गणिताचे शिक्षक म्हणून केला. १८८० साली निघालेल्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये आणि पुढे फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी हा विषय शिकविला. त्यांची सामाजिक मते समाजवाद्यांना कधी मानवली नाहीत, तो वाद निराळा. आज त्याच पेठेच्या बोळाबोळांतून अभ्यासिकांच्या पाट्या लागल्या आहेत. आत बसलेल्या तरुणांत बी. एस्सी. आणि अभियांत्रिकीचे पदवीधर थोडेथोडके नाहीत. समोर पुस्तके मात्र राज्यघटनेची, इतिहासाची, चालू घडामोडींची.

'हल्लीची मुले विज्ञानाकडे वळत नाहीत' ही प्रतिष्ठितांची आवडती तक्रार आहे. ती अर्धसत्य आहे. २०२४ च्या बारावीच्या परीक्षेस विज्ञान शाखेतून साडेसात लाखांहून अधिक विद्यार्थ्यांची नोंदणी झाली. कला शाखेची संख्या जेमतेम त्याच्या निम्मी होती. विज्ञान शाखा ओसंडून वाहत आहे. ओस पडले आहे ते विज्ञान.

बारावीला भौतिकशास्त्र वा रसायनशास्त्राच्या शंभर गुणांपैकी तीस गुण प्रात्यक्षिकांचे असतात. परंतु प्रवेश ठरतो तो सीईटी, जेईई वा नीटवर आणि त्या परीक्षांत ब्युरेट हाती धरावी लागत नाही. मग नाव महाविद्यालयात आणि विद्यार्थी खाजगी क्लासमध्ये, अशी सोय निघाली. या संगनमताला 'इंटिग्रेटेड' असे भारदस्त नाव मिळाले. २०१८ साली शासनाने बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला. जणू अंगठा उमटला की प्रयोग झाला! क्लासची फी लाखांच्या घरात गेल्यावर शेतमजुराच्या मुलीने विज्ञान निवडावे कोणत्या बळावर? आणि कर्ज काढून निवडलेच, तर फी भरून काढणाऱ्या धंद्याचाच विचार तिने केला, म्हणून तिला दोष देण्याचा अधिकार कोणाला पोहोचतो?

समजा, एखादीने शुद्ध विज्ञानाचा हट्ट धरलाच. एम. एस्सी., सेट-नेट, पीएच. डी. एवढा प्रवास करून पदरी पडते ती तासिका तत्त्वावरील नेमणूक : शिकविलेल्या तासांचा मोबदला, सुटीत काही नाही, पुढच्या वर्षाची शाश्वती नाही. १९८३ पासून विनाअनुदानित महाविद्यालयांना मोकळे रान देऊन शासनाने जबाबदारीतून अंग काढण्यास जो आरंभ केला, त्याचीच ही परिणती होय. शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च व्हावा, ही कोठारी आयोगाची १९६६ ची शिफारस अद्याप कागदावर आहे. संशोधनावरील खर्च तर २०२०-२१ साली ०.६४ टक्के होता. अशा स्थितीत सरकारी नोकरीचे पद हाच सुरक्षिततेचा एकमेव आधार वाटला तर नवल कसले? ११ मार्च २०२१ रोजी राज्यसेवेची पूर्वपरीक्षा पुढे ढकलल्याचे जाहीर होताच विद्यार्थी पुण्यात शास्त्री रस्त्यावर उतरले, ते याच हतबलतेतून.

याची किंमत केवळ त्या तरुणांनी मोजलेली नाही. वैज्ञानिक दृष्टी बाळगणे हे नागरिकाचे कर्तव्य म्हणून १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने संविधानात आले. आणीबाणीतल्या त्या दुरुस्तीचे गोडवे समाजवाद्यांनी गावेत असे नाही, पण हे कलम मोलाचे आहे. प्रश्न विचारून, मोजून, चुकून शिकण्याची सवय जिथे लागते ती प्रयोगशाळाच बंद ठेवली, तर हे कर्तव्य पार पाडणार कोण? पर्याय निवडण्यात तरबेज झालेला पदवीधर मुहूर्त पाहूनच यंत्राची कळ दाबतो. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी खून झाला तो पूल नारायण पेठेपासून काही मिनिटांच्या अंतरावर आहे.

म्हणून कार्यकर्त्यांनी विज्ञानदिनाच्या भाषणांवर समाधान मानू नये. आपल्या तालुक्यातील प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयात जाऊन विचारावे : प्रयोगशाळा सहायकाचे पद भरले आहे काय? गेल्या वर्षी रसायने कितीची घेतली? अकरावीच्या विद्यार्थ्याने खरोखर किती प्रयोग केले? मिळालेली उत्तरे गावसभेत वाचून दाखवावीत आणि मग शिक्षण उपसंचालकांच्या दारावर मोर्चा न्यावा.