वीस लहान की चाळीस?

मंडळी, आजची पोस्ट थोडी आकडेमोडीची आहे. कंटाळून पुढं सरकू नका, विषय आपल्याच पोरांच्या डोक्यावरच्या पत्र्याचा आहे.

गेल्या आठवड्यात एका बैठकीला बसलो होतो. शाळेच्या खोल्यांवरचे जुने पत्रे काढून उष्णता अडवणारे पत्रे टाकायचे, असा विषय. एप्रिलच्या दुपारी त्या खोल्यांत पाच मिनिटं उभं राहून बघा, काम किती गरजेचं आहे ते कळेल. तीन जणांची दरपत्रकं आली होती. भावात फारसा फरक नाही. त्यामुळं 'पत्र्यातून आत किती उष्णता येते' या रकान्यावर निवड ठरणार होती.

पहिल्याचा आकडा २०, दुसऱ्याचा ४०, तिसऱ्याचा ५०. तुलनात्मक तक्त्यात तिन्ही आकडे एकाखाली एक. "सगळ्यात कमी वीस, वीसवाला घ्या." माना डोलल्या, चहा आला, विषय मिटला.

चहा पिता पिता मी मूळ कागद चाळले. चाचणीची अट तिघांची सारखीच होती: पत्रा बाहेरून ६५ अंश, आतून ३५. पण २० च्या पुढं लिहिलं होतं 'बीटीयू प्रति तास प्रति चौरस फूट'. ४० च्या पुढं 'किलोकॅलरी प्रति तास प्रति चौरस मीटर'. आणि ५० च्या पुढं 'वॅट प्रति चौरस मीटर'. तक्ता करताना आकडे उतरवले, एककं मूळ कागदावरच राहिली.

मी काही विज्ञानाचा माणूस नाही, पत्रकारितेचा डिप्लोमा केलेला. पण हिशेब सातवी-आठवीचा आहे. घरी येऊन केला, शाळेतल्या विज्ञानाच्या सरांकडून तपासून घेतला.

एक बीटीयू प्रति तास म्हणजे ०.२९३ वॅट. पण इथं थांबलात तर फसलात, कारण तो आकडा एका चौरस फुटाचा आहे. एका चौरस मीटरमध्ये १०.७६ चौरस फूट बसतात. म्हणून ०.२९३ गुणिले १०.७६, म्हणजे साधारण ३.१५. किलोकॅलरीचं सोपं आहे, तिथं जागेचं माप आधीच चौरस मीटर आहे. एक किलोकॅलरी प्रति तास म्हणजे १.१६३ वॅट.

आता तिघांना एकाच मापात बसवा. २० गुणिले ३.१५ म्हणजे ६३ वॅट. ४० गुणिले १.१६३ म्हणजे साडेसेहेचाळीस वॅट. तिसरा ५० वॅटच. म्हणजे सगळ्यात लहान दिसणारा वीसवाला पत्रा सगळ्यात जास्त उष्णता आत सोडतो, आणि खरा चांगला निघाला तो चाळीसवाला!

फरक किती? सहा बाय आठ मीटरची खोली धरा, ४८ चौरस मीटर छत. वीसवाल्या पत्र्यातून सुमारे ३,००० वॅट आत येणार, चाळीसवाल्यातून सुमारे २,२००. म्हणजे प्रत्येक वर्गात ऐन दुपारी आठशे वॅटची शेगडी पेटवून ठेवल्यासारखं. तीही आपल्याच पैशानं, 'सर्वोत्तम' म्हणून निवडून!

मी हे बोललो तेव्हा एक सदस्य म्हणाले, "पत्रकार, तुम्ही बातमी लिहा, टेक्निकल आमच्याकडं सोडा." साहेब, सोडलं असतं हो. पण एकर आणि हेक्टर शेजारी मांडून तुम्ही जमिनीचा सौदा कराल का? सातबारावर हेक्टर-आर असतं आणि बोलताना आपण एकर-गुंठे म्हणतो, तरी गावातला अडाणी म्हातारासुद्धा तोंडी हिशेब करून सांगतो. जमिनीत जी हुशारी दाखवतो ती पोरांच्या खोलीसाठी का नको?

मी कुणाच्या खिशाबद्दल बोलत नाही. तक्ता करणारा पोरगा तरुण आहे, चार गावांची कामं एकट्याच्या अंगावर. चूक घाईची असेल. आम्ही पत्रकार तरी कुठं धुतल्या तांदळाचे? आलेल्या पत्रकातले आकडे मीही कितीदा एकक न बघता छापलेत. पण चूक लक्षात आल्यावरही ती पुढं रेटली, तर तिला घाई म्हणता येणार नाही.

वजनमापांचा २००९ चा कायदा मेट्रिक पद्धतीवर आधारलेली प्रमाण एककंच वापरा असं सांगतो. भाजीवाल्याच्या काट्यावर शिक्का आहे का हे आपण तपासतो, मग लाखांच्या दरपत्रकाला सूट का?

मागणी साधी आहे. अजून सह्या झालेल्या नाहीत. तक्ता नव्यानं करा. तिघांचे आकडे वॅट प्रति चौरस मीटरमध्ये लिहा. चाचणी किती तापमानाला केली तेही शेजारी लिहा, कारण ती अट बदलली तर एकक सारखं करूनही तुलना खोटीच ठरते. आणि तो तक्ता शाळेच्या फळ्याशेजारी लावा. आठवीची पोरंच तपासून देतील.

पालकांनो, पुढच्या बैठकीला या. फक्त एकच प्रश्न विचारायचा: "साहेब, वीस काय?"

पटलं तर शेअर करा. आकड्यात माझी चूक असेल तर खाली लिहा, दुरुस्त करतो.