मागेल त्याला

यंदाचा अंक उशिरा निघतो आहे, त्याचं कारण पाऊस. लेखकांनी मजकूर वेळेवर दिला, मुखपृष्ठ तर गणपतीतच हातात आलं होतं. अडलं ते जाहिरातींपाशी. बार्शीतून निघणारा दिवाळी अंक आडत दुकानं, कृषी सेवा केंद्रं, सराफ आणि कापडवाले यांच्या जिवावर निघतो, आणि हे चौघंही दसरा-दिवाळीला सोयाबीनच्या पैशाकडे डोळे लावून बसलेले असतात. सप्टेंबरात सोयाबीन पाण्यात गेलं. ज्या पेढ्या दरसाल पान भरून जाहिरात देतात, त्यांनी यंदा पाव पान घेतलं, तेही आमच्या तोंडाकडे बघून. काहींनी चहा पाजला आणि पुढच्या वर्षीचं बघू म्हणाले.

सीना नदीने माढा, मोहोळ, करमाळ्याकडची गावं बुडवली, तिकडे होड्या फिरल्या. त्या मानाने आपल्या तालुक्याची बातमी लहान. पण वैरागकडच्या एका शिवारात पाऊस उघडल्यावर आम्ही गेलो होतो, तिथलं सांगतो. कापून रचलेली सोयाबीनची गंज ताडपत्रीखाली होती. ताडपत्री उचलली तर आत वाफ, कुबट वास, आणि शेंगेतच दाण्याला मोड आलेले. खालचा थर हाताला चिखलासारखा लागत होता. पंचनाम्याला आलेल्या तरुण तलाठ्याने शेतमालकाला गंजीशेजारी उभं केलं, मोबाइलवर फोटो घेतला, गट नंबर दोनदा विचारला. शेतमालकाचा प्रश्न एकच होता: यातला वरचा थर वाळवून बाजारात नेला तर नुकसान धरतील का? 2025 च्या खरिपासाठी सोयाबीनचा हमीभाव 5,328 रुपये होता, पण तो 12 टक्क्यांच्या आत ओलावा असलेल्या मालाला. मोड आलेल्या दाण्याला भाव नाही, आडतीवर त्याची फक्त किंमत सांगतात.

7 ऑक्टोबर 2025 रोजी सरकारने 31,628 कोटींचं पॅकेज जाहीर केलं. कोरडवाहूला हेक्टरी 18,500, हंगामी बागायतीला 27,000, बागायतीला 32,500. तीन हेक्टरची मर्यादा. खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी 47,000 रोख आणि आणखी 3 लाखांपर्यंतचं काम मनरेगातून. आकडा मोठा आहे, आणि या घडीला प्रत्येक रुपया हवा आहे. त्यावर नाक मुरडायला आम्ही हे लिहीत नाही. पण 18,500 हा आकडा उलगडून पाहावा. त्यातले 10,000 रब्बीच्या बियाण्या-खतासाठी. उरले 8,500. म्हणजे पिकाच्या नुकसानीचा खरा दर हेक्टरी साडेआठ हजार, एकरी साडेतीन हजाराच्याही आत. सोयाबीनची एक एकर कापणी-मळणी या पैशात निघते का, हे ज्याने मजुरांशी उक्तं ठरवलंय त्याला विचारा.

आता खरी गंमत. 2024 च्या आरंभी हाच कोरडवाहूचा दर राज्याने 13,600 केला होता, मर्यादा तीन हेक्टरची. मे 2025 मध्ये तो परत 8,500 वर आणि दोन हेक्टरवर आला. पावसाळ्याच्या तोंडावर. ऑक्टोबरात घोषणा झाली तेव्हा तीन हेक्टरची मर्यादा आली, ती नवी देणगी म्हणून. ही चढ-उतार कुठे झाली? सभागृहात कोणी ठराव मांडला नाही, मतदान झालं नाही. शासन निर्णय निघाला, संकेतस्थळावर चढला, झालं. हेक्टरी पाच हजार एकशे रुपये एका कागदाने गेले आणि त्या दिवशी बार्शीच्या पांडे चौकात कोणाच्या चहाची चव बदलली नाही.

मग जूनअखेर पावसाळी अधिवेशन भरलं. पहिल्याच दिवशी 57,509 कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. मार्चमध्ये 7 लाख कोटींचा अर्थसंकल्प मंजूर होऊन तीन महिने होतात न होतात तोच एवढी पुरवणी. या मागण्यांत काय होतं, कोणत्या खात्याला किती, ते बार्शीत कोणाला सांगता येईल असं वाटत नाही. त्या अधिवेशनातली एक गोष्ट मात्र शेंबड्या पोरालाही माहीत आहे: सभागृहात कृषिमंत्र्यांच्या मोबाइलवर चाललेल्या पत्त्यांच्या डावाची चित्रफीत. तिने आपलं काम केलं, जुलैअखेरीस कृषिखातं दुसऱ्याकडे गेलं. आम्हालाही ती पाहताना मजा आली, खोटं कशाला बोला. पण डाव बघण्यात आपण एवढे रमलो की मे महिन्यातल्या त्या कागदाबद्दल कोणी विचारलं का, हे विचारायचं राहून गेलं.

विधिमंडळाची रीत अशी आहे की अर्थसंकल्पावर भाषणं भरपूर होतात, शेरोशायरी होते, पायऱ्यांवर फलक धरले जातात. खात्यांच्या मागण्यांवर चर्चेला मोजके दिवस मिळतात आणि वेळ संपली की उरलेल्या खात्यांच्या मागण्या एकगठ्ठा मताला टाकतात. होय म्हणणाऱ्यांचं बहुमत. त्या गठ्ठ्यात एखाद्या वर्षी आपली बार्शी उपसा सिंचन योजनाही असते. उजनीचं पाणी बार्शीच्या रानात आणायचं हे स्वप्न बघत एक पिढी म्हातारी झाली. या योजनेबद्दल तालुक्यातला शाळकरी मुलगादेखील 'सुप्रमा' हा शब्द बरोबर वापरतो. सुधारित प्रशासकीय मान्यता! पाणी यायच्या आधी परिभाषा आली.

याच विधिमंडळाने एकदा वेगळंही काही करून दाखवलं होतं. ते आम्हाला या दिवाळीत आठवतंय, कारण यंदाच्या पॅकेजमध्ये त्याचंच नाव आडून आलं आहे.

वि. स. पागे 1960 ते 1978 विधान परिषदेचे सभापती होते. सभापतीच्या खुर्चीत बसलेल्या माणसाने बोलायचं कमी आणि घंटा वाजवायची जास्त, अशी अपेक्षा असते. पाग्यांनी मात्र 1965 मध्ये आपल्या तासगाव तालुक्यात एक प्रयोग मांडला: मागेल त्याला काम मिळालंच पाहिजे. 1972 चा दुष्काळ आला आणि सगळा महाराष्ट्रच खडी फोडायला बसला. 1973 च्या उन्हाळ्यात राज्यभर सुमारे 50 लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. या तालुक्यात साठीच्या पुढचा असा माणूस मिळणं अवघड, ज्याने सुकडी खाल्ली नाही किंवा आईच्या टोपलीमागे पाझर तलावाच्या भरावावर धावला नाही. यंदाच्या अंकात त्या आठवणींचा एक विभाग आहे. त्यात मस्टरवर अंगठा उठवणाऱ्या बाया आहेत, मोजमापात हात मारणारे मुकादम आहेत, उन्हात झाडाला बांधलेली झोळी आहे. लबाडी तेव्हाही होती, हे त्या आठवणी वाचताना लपत नाही.

दुष्काळ सरला की कामं बंद होतात, लोक विसरतात. इथे तसं झालं नाही. 1977 मध्ये विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला, तो 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत द्यायचं, नाही दिलं तर भत्ता. आणि हे कोणाच्या पैशाने? त्याआधीच, 1975 मध्ये, व्यवसाय कर बसवला होता. मुंबई-पुण्याच्या नोकरदाराच्या पगारातून तो कापायचा, त्यात सरकारने तेवढीच भर घालायची आणि तो निधी खेड्यातल्या हातांना. आजही पगाराच्या चिठ्ठीवर महिन्याला 200 रुपये कापलेले दिसतात, फेब्रुवारीत 300. बार्शीतले आमचे शिक्षक आणि बँकेतले मित्र त्या तीनशे रुपयांवर दरवर्षी कुरकुरतात. कशासाठी कापतात ते त्यातल्या बहुतेकांना ठाऊक नसतं.

2005 मध्ये दिल्लीने देशभराचा कायदा केला तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव डोळ्यांसमोर होता. तीच ही मनरेगा, जिच्यातून या पॅकेजमध्ये खरडलेल्या जमिनीला 3 लाखांपर्यंतचं काम द्यायचं ठरलं. भरपाईत रोख 47,000 आणि बाकी मजुरीच्या वाटेने, हे गणित वाईट नाही. रानात माती परत आणायची तर हात लागणारच. पण जॉबकार्ड, कामाचा आराखडा, ऑनलाइन हजेरी, तांत्रिक मान्यता या फेऱ्यातून ती माती रानात कधी पडेल, याचा हिशेब पॅकेजमध्ये नाही.

आम्हाला जे म्हणायचं आहे ते इथे येऊन थांबतं. रोजगार हमीत मजुराला सरकारपुढे हात पसरावा लागत नव्हता. कायदा त्याच्या बाजूचा, निधी ठरलेला, मुदत ठरलेली. ती मुदत हटवायची तर सभागृहात यावं लागे आणि कोणीतरी उठून बोले. अतिवृष्टीची मदत अशी नाही. पाऊस किती मिलिमीटर झाला म्हणजे अतिवृष्टी, किती टक्के नुकसान झालं म्हणजे नुकसान, हेक्टरी किती, किती हेक्टरपर्यंत, हे सगळं शासन निर्णयाच्या हातात. एक रुपयातला पीकविमा होता, तो 2025 च्या खरिपापासून बंद झाला. स्थानिक आपत्ती, काढणीनंतरचं नुकसान हे निकष वगळले, राहिला पीक कापणी प्रयोग. म्हणजे गंजीत सडलेल्या सोयाबीनला विम्याचं दार आधीच लावून घेतलेलं, आणि सरकारी मदतीचं दार किती उघडायचं ते दरवेळी नव्याने ठरणार.

हे नवं दुखणं नाही. 24 फेब्रुवारी 1927 रोजी मुंबई कायदे कौन्सिलात अर्थसंकल्पावर बोलायला एक नवा सभासद उठला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्याच्या तीनच वर्षं आधी ते बहिष्कृत वर्गाच्या परिषदेसाठी आपल्या बार्शीत येऊन गेले होते. कौन्सिलातल्या त्या भाषणात त्यांनी शेतसाऱ्याला हात घातला. प्राप्तिकर ऐपत बघून लागतो, ठरावीक उत्पन्नाखाली माफ असतो. शेतसारा मात्र बड्या जहागीरदाराला आणि एक-दोन एकरवाल्याला एकाच मापाने, पीक आलं तरी आणि बुडालं तरी. त्या भाषणाची शंभरी फेब्रुवारी 2027 मध्ये भरते. साऱ्याचं ओझं आता नावापुरतं राहिलं, पण सरकारने शेतकऱ्याशी कोणत्या मापाने वागायचं, हा त्यातला प्रश्न जसाच्या तसा उभा आहे; ते कायद्याने ठरवा, मर्जीने नको, एवढंच आमचं म्हणणं.

बार्शीपुरती आणखी एक अडचण आहे. वि. म. दांडेकर समितीने 1984 मध्ये विकासाचा अनुशेष मोजला तो जिल्ह्याच्या मापाने. जिल्हा आपला सोलापूर. त्यात माळशिरसचा नीरेचा कालवा, पंढरपूरचं उजनीचं पाणी. सरासरी काढली की बार्शीचं कोरडं रान त्यात भिजून निघतं, कागदावर. घाट उतरून आलेला माणूस आपल्याला मराठवाड्याचे समजतो, मंत्रालयातला पश्चिम महाराष्ट्राचे. पुढे 1994 मध्ये तीन विकास मंडळं झाली, त्यातलं तिसरं 'उर्वरित महाराष्ट्रा'चं. आपण त्या उर्वरितातले. तिन्ही मंडळांची मुदत एप्रिल 2020 मध्ये संपली. त्यावर विदर्भ-मराठवाड्यातून आरडाओरड झाली. बार्शीतून झाली नाही, कारण आपण त्या मंडळात होतो हेच इथे फारसं कोणाला माहीत नव्हतं.

आणि हे बोलायचं कुठे? पंचायत समिती, जिल्हा परिषद या आपल्या घरच्या सभा. सोलापूर जिल्हा परिषदेत मार्च 2022 पासून थेट 2025 मध्येही प्रशासकच होते. सदस्य नव्हते, सभा नव्हती, अर्थसंकल्प अधिकारी मांडत आणि अधिकारीच मंजूर करत. पाणंद रस्त्यापासून अंगणवाडीच्या पत्र्यापर्यंत सगळं आमदाराच्या खांद्यावर आलं, म्हणजे 288 जणांच्या गर्दीत आपल्या एकाच्या. त्याने तिथे उपसा सिंचन मांडायचं की स्मशानभूमीचं शेड?

डिसेंबरात नागपूरला हिवाळी अधिवेशन भरेल. पॅकेजचे पैसे पुरवणी मागण्यांतूनच मागावे लागतील, म्हणजे हा विषय सभागृहात येणार हे नक्की. तिथे भाषणं होतील, संत्र्यांची नि थंडीची वर्णनं छापून येतील. आमची अपेक्षा एवढीच की मदतीचे दर, मर्यादा आणि पैसे खात्यात पडायची मुदत कायद्यात घाला, यासाठी एकाने तरी अशासकीय विधेयक मांडावं. ते मंजूर होणार नाही. अशासकीय विधेयकांचं भाग्य ठाऊक आहे. पण कामकाजाच्या नोंदीत राहील, आणि पुढच्या मे महिन्यात कोणी कागद फिरवला तर दाखवायला आधार होईल.

तोवर वाचकांना विनंती: आपल्या गावच्या पंचनाम्याची यादी चावडीवर लागली का, त्यात आपलं क्षेत्र किती धरलं, पैसे कोणत्या तारखेला जमा झाले, हे आम्हाला पोस्टकार्डावर कळवा. नावं छापणार नाही. तारखा छापू, आणि मार्चमध्ये अर्थसंकल्प मांडला जाईल त्याच आठवड्यात त्या तालुक्याच्या आमदारांकडे पोचवू.